सोनं शोधायला जायचो तो हंगाम

काल सकाळी कामावर निघताना गाडीची काच हाताने पुसावी लागली. आठवडाभर आमच्या बॉथेल गावावर साचलेला वणव्यांचा धूर रात्रीतून निघून गेला होता आणि पूर्वेकडच्या डोंगरांच्या कडा पुन्हा दिसायला लागल्या होत्या. हवेत ओलसर, किंचित जळका वास होता, सप्टेंबर संपताना येतो तो. असा दिवस उजाडला की माझा उजवा खांदा भरून येतो. डॉक्टरांना दाखवून झालं, खांद्यात काही नाही. चार वर्षांपूर्वीच्या एका हंगामात मी त्या खांद्याने एक जड यंत्र डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत होते, इतकंच.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. मी मूळची अमरावतीची, इथे एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, तेव्हा चौपन्न वर्षांची होते. आमच्या घरात सोनं ही सराफाकडून आणायची आणि लॉकरमध्ये ठेवायची वस्तू होती. ते जमिनीत असतं हे शाळेत शिकले होते, पण त्याच्याशी आपला संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. मात्र त्या वर्षी आमचा अमेय घरी आला होता, आणि सहा महिन्यांत त्याने मागितलेली एकच गोष्ट म्हणजे ते यंत्र.

अमेय आमचा एकुलता एक. लांब ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकत होता. तिथे बर्फावरून घसरून गुडघा गेला, ऑपरेशन झालं, दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. दुखणं थांबलं आणि गोळ्या राहिल्या. डॉक्टरांनी द्यायच्या बंद केल्यावर त्याने त्या दुसरीकडून मिळवल्या. हे सगळं आम्हाला कळलं ते त्याच्या रूममेटच्या फोनवरून. रूममेटने त्याला बाथरूमच्या फरशीवर पाहिलं, नाकात गोळ्यांचा अंमल उतरवणाऱ्या औषधाचा स्प्रे मारला आणि अँब्युलन्स बोलावली. मी तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होते. रूममेट म्हणाला, ही इज ब्रीदिंग नाऊ. त्यातला 'नाऊ' माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

उपचार केंद्रातून ऑगस्टमध्ये तो घरी आला तेव्हा आम्ही त्याच्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागत होतो. माझा नवरा शिरीष स्वभावाने बडबड्या, पण तोही जेवताना फक्त 'वरण घे' एवढंच म्हणायचा. मंडळातल्या लोकांना त्याने सांगितलं होतं की अमेयने एक वर्षाचा ब्रेक घेतलाय. गणपतीला आम्ही दोघंच जाऊन आलो, आरती संपायच्या आत निघालो. प्रसाद घेताना एका काकूंनी विचारलंच, अमेय हल्ली दिसत नाही. मी म्हणाले, तो जरा बिझी आहे. तो घरी खिडकीचा पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला डार्लीन राहायची. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. अमेय लहान असताना तिच्याच बसने जायचा. एका शनिवारी तिने गराजबाहेर टेबल मांडून जुनं सामान विकायला काढलं होतं. अमेयला मी जबरदस्तीने फिरायला बाहेर काढलं होतं, तर तो तिथे थांबला. टेबलाखाली एक डिटेक्टर होता: लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल काळी कॉइल, वर हेडफोन लोंबत. त्याने तो उचलला, दांड्याचा तोल पाहिला आणि म्हणाला, "आई, कॅन वी गेट धिस?"

डार्लीनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तू उजवीकडच्या तिसऱ्या सीटवर बसायचास, असं ती म्हणाली. हल्ली काय करतोस, हा प्रश्न तिने विचारला नाही. त्यासाठी मी तिची आजही ऋणी आहे. डोंगरापलीकडे एका ओढ्याकाठी तिच्या ओळखीच्या लोकांचा क्लेम होता, म्हणजे सोनं शोधायचा हक्क घेतलेला जमिनीचा तुकडा. तिचा खांदा निकामी होत आला होता, त्यामुळे यंत्र तिला पेलवत नव्हतं; ते आम्ही विकत घेतलं, आणि घरातलं दुसरं जुनं तिने मला वापरायला दिलं. पण शिकवायला येईन, म्हणाली. फोल्डिंगची खुर्ची तेवढी गाडीत घ्या.

तसे आम्ही दर शनिवारी आणि जमलं तर बुधवारीही जायला लागलो. मी लॅबमधली साठवलेली रजा अशी अर्ध्या-अर्ध्या दिवसांनी संपवली. दोन तासांची ड्राइव्ह, त्यातला शेवटचा तुकडा जंगलातला कच्चा रस्ता. खिंड ओलांडली की हवा कोरडी व्हायची, आणि उंच पाइनच्या सालींना उन्हात चक्क व्हॅनिलासारखा वास यायचा. पोळीचे रोल, पाणी, खुरपं, प्लॅस्टिकचा स्कूप असं सगळं मी एका खांद्यावरच्या पिशवीत भरायचे. पिशवीच्या आतल्या कप्प्यात तो नाकात मारायचा स्प्रे असायचा. त्या वर्षी मी दोन यंत्रं चालवायला शिकले. दुसऱ्याचा, म्हणजे या स्प्रेचा, सराव बाथरूमचं दार लावून, हातात रिकामा नमुना धरून केला होता.

पहिल्या दिवशी डार्लीनने मला बांगड्या काढायला लावल्या. मग अंगठी. मग वाकल्यावर मंगळसूत्र पुढे येतं म्हणून तेही. अंगावर धातू असला की यंत्राला तोच ऐकू येतो. मी सगळं रुमालात बांधून गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलं आणि ओढ्याकाठी उभी राहिले तेव्हा मनगटं इतकी हलकी झाली होती की मला विचित्र वाटलं.

डार्लीन खुर्चीत बसून सांगायची, अमेय करायचा, मी त्याचं बघून करायचे. आधी कॉइल जमिनीवर खालीवर करायची. मातीतच लोह असतं, ते यंत्राने ओळखून सोडून द्यायला हवं. मग हेडफोनमध्ये एक बारीक, सलग गुणगुण उरते. ती गुणगुण सतत ऐकत कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, अगदी सावकाश फिरवायची. खाली काही असलं की आवाज मोडतो, चढतो किंवा उतरतो. मग बुटाने माती सरकवायची, पुन्हा ऐकायचं, खणायचं, माती स्कूपमध्ये घेऊन अर्धी अर्धी करत कॉइलसमोर धरायची, शेवटी चिमूटभर मातीत ती वस्तू उरेपर्यंत. बहुतेक वेळा तो खिळा असायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या खाणवाल्यांचे चौकोनी खिळे, बुटांच्या चुका, शिकाऱ्यांच्या गोळ्यांचं शिसं, डब्यांची झाकणं. काही दगडही असे असतात की ते धातूसारखेच वाजतात. पहिल्या दिवशी मी तसे अकरा दगड खणून काढले.

खरी अडचण वेगळी होती. बारीक आवाज मला ऐकूच यायचे नाहीत. अमेय थांबायचा, मागे यायचा, म्हणायचा, "राइट देअर, आई. ऐक." मी डोळे मिटून ऐकायचे आणि मला गुणगुणीशिवाय काही ऐकू यायचं नाही. तो तिथे खणायचा आणि तांदळाएवढी शिशाची कणी निघायची. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, डार्लीन म्हणाली. अमेयने माझ्या यंत्राचा सूर खाली आणून दिला, हेडफोन माझ्या कानावर नीट बसवला. त्याची बोटं गार होती. सहा महिन्यांत त्याने मला पहिल्यांदा आपणहून हात लावला होता.

मला ऐकू येत नाही याचा मला आनंद झाला, कारण त्यामुळे तो माझ्याकडे परत परत येत होता. पण त्या ओढ्याकाठी हाच विचार मला छळायचाही. वर्षभर हा मुलगा रविवारी फोन करत होता, हळूहळू त्याचा आवाज जड होत होता, वाक्यं अर्धी राहत होती, आणि मी त्याला विचारत होते, जेवलास का. मला तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं, आणि तेव्हा वयाचं कारण नव्हतं.

शिरीष कधी आमच्याबरोबर आला नाही. मला त्याचा राग यायचा. मग एकदा आम्ही लवकर परतलो तर तो अमेयच्या खोलीत गुडघ्यांवर बसलेला दिसला. त्याने गादी उलटी केली होती, हीटरची जाळी काढली होती, मोज्यांच्या जोड्या सोडवून पलंगावर ओळीने मांडल्या होत्या. आम्ही डोंगरात जायचो तेव्हा तो घरात शोधायचा. अमेय दारात उभा राहून ते पाहत होता. तो म्हणाला, "इट्स ओके, बाबा. आय वुड टू." आणि खाली जाऊन त्याने चहा टाकला. शिरीष जाळी हातात धरून तसाच बसून राहिला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि जागेवर बसवली. स्क्रू घट्ट बसेना.

दसरा त्या वर्षी ऑक्टोबरात आला. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, मंडळात कुणीतरी कागदाची कापून आणतं. अमरावतीहून बहिणीने फोन करून सोन्यासारखे राहा म्हटलं, आणि अमेयला फोन दे म्हणाली. मी म्हणाले, झोपलाय. तो समोरच बसला होता. त्याने मान हलवून माझे आभार मानले. खोटं बोलल्याबद्दल मुलाने आईचे आभार मानावेत, इथवर आम्ही आलो होतो.

त्यानंतरच्या शनिवारी डार्लीन आली नाही, तिच्या खांद्याचं ऑपरेशन होतं. आम्ही दोघंच गेलो. वरच्या उतारावर लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. लार्च हे सूचिपर्णी असूनही पानझडी झाड, आठ-दहा दिवस पेटल्यासारखं दिसतं आणि मग सगळं खाली सांडतं. बर्फ पडायच्या आत आणखी दोन फेऱ्या होतील असं मी मनात धरलं होतं. अमेय गप्प होता, पण तसा तो असायचाच. सकाळपासून तो सारखा हात चोळत होता. मला वाटलं, थंडी.

साडेअकराच्या सुमारास मला आवाज लागला. खडकाच्या फटीत, खोल, पण मला ऐकू आला. मी हेडफोन कानावर ठेवूनच गुडघ्यांवर बसून खणत राहिले. शेवटी पुन्हा तो चौकोनी खिळाच निघाला. हसत हेडफोन काढून मी अमेयला हाक मारली. त्याचं यंत्र एका झाडाला टेकवून ठेवलेलं होतं. मी पुन्हा हाक मारली. मग वर रस्त्याच्या कडेला गेले. गाडी नव्हती. किल्ल्या त्याच्या जॅकेटच्या खिशात होत्या, कारण सकाळी गाडी त्याने चालवली होती. मीच म्हणाले होते, तू ड्राइव्ह कर.

फोनला रेंज नव्हती. हमरस्ता अकरा-बारा किलोमीटर. मी चालायला लागले, धावलेसुद्धा, आणि एका वळणावर थांबले. आपण रस्त्याने जातोय आणि तो दुसऱ्या वाटेने परत आला, मी दिसले नाही, तर? मी उलटी फिरले. तेव्हा पिशवी खांद्यावर आपटली आणि लक्षात आलं की स्प्रे माझ्याकडे आहे. तो कुठेतरी गाडीत बसलाय, आणि त्याला शुद्धीवर आणायची वस्तू माझ्या पिशवीत पोळीच्या रोलशेजारी आहे. मी रस्त्यात बसले. ओरडलेही असेन. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, लांबवर शिकाऱ्यांच्या बंदुकांचे बार होत होते.

मग मी खाली उतरले आणि यंत्र उचललं. आज मला कुणी विचारलं की तुझा मुलगा मरत असेल अशी भीती वाटत असताना तू सोनं कशी शोधत होतीस, तर एवढंच सांगेन. मला उभं राहता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. कानात हेडफोन घातले की ती गुणगुण सुरू व्हायची आणि तेवढा वेळ दुसरं काही ऐकू यायचं नाही. मी कॉइल फिरवत राहिले. मी स्वतःशी मोजत होते: त्या खडकापर्यंत जाऊन येईन तोवर येईल. त्या ओंडक्यापर्यंत जाऊन येईन तोवर. देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि सगळी स्तोत्रं अर्ध्यावर तुटली.

तीनच्या पुढे केव्हातरी आवाज मोडला. मी खणलं. माती अर्धी केली, पुन्हा अर्धी केली. शेवटच्या चिमटीत ज्वारीच्या दाण्याएवढं, वेडंवाकडं, मातीने माखलेलं काही होतं. पाण्यात धुतलं. पिवळं होतं, आणि आकाराच्या मानाने इतकं जड की शंका उरली नाही. सगळा हंगाम ज्याची वाट पाहिली ते तळहातावर होतं. मला त्याचा संताप आला. ते ओढ्यात फेकायला मी हात उचलला आणि नाही फेकलं. टिश्यूत गुंडाळून खिशात टाकलं आणि पुन्हा फिरवायला लागले.

सूर्य कड्यामागे गेला तेव्हा गाडीचा आवाज आला. अमेय खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याला दोन्ही हात लावले आणि त्याचे डोळे पाहिले. गोळ्या घेतल्या की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हे मी तोवर शिकले होते. पण उजेड इतका कमी झाला होता की मला नीट दिसेना. त्याने चेहरा सोडवून घेतला नाही, पाहू दिलं.

"घेतलंस?" मी विचारलं.

"नाही." तो मराठीत म्हणाला. मग म्हणाला, "आय वॉज गोइंग टू."

परतीला गाडी मी चालवली. वाटेत तो झोपला, आणि मी दर काही मिनिटांनी त्याच्या छातीकडे बघत होते. शिरीषला मी यातलं काही सांगितलं नाही. हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल. सोन्याचा तो कण मी दोन दिवसांनी डार्लीनला नेऊन दिला. हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत तिने तो भिंगाखाली पाहिला आणि म्हणाली, पहिलं सोनं कुणी देत नसतं. मी म्हणाले, तुझ्याकडे असू दे. ते ज्या दिवशी मिळालं तो दिवस मला घरात नको होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कण ठेवून घेतला.

त्या शनिवारने सगळं निभावलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नोव्हेंबरात बर्फाने रस्ता बंद झाला, आणि जानेवारीत अमेय पुन्हा घसरला. या वेळी शिरीषने त्याला शोधलं, आणि स्प्रेही त्यानेच मारला. पुन्हा उपचार केंद्र, मग घर, मग आणखी एकदा केंद्र. आता तो दूर श्रूजबरी गावी आपल्या आत्याजवळ राहतो, झाडांच्या नर्सरीत काम करतो. गोळ्या सोडून दोन वर्षं आणि काही महिने झाले. तो आकडा तो दिवसांत सांगतो, मी विचारत नाही. रात्री फोन वाजला की आम्ही दोघंही आधी एकमेकांकडे बघतो.

काल दुपारी मी त्याला फोन करून सांगितलं की इकडचा धूर गेला, वर लार्च पिवळे व्हायला लागले असतील. मग त्याने आपणहून, अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत, त्या दुपारचं सांगितलं. हमरस्त्यावरच्या गावात तो पोचला होता. तिथल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून त्याने गोळ्या विकणाऱ्या एकाला फोन केला होता, तो माणूस तासाभरात येणार होता. तो थांबला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. एक म्हातारा उभा होता. त्याचा ट्रक बंद पडला होता, बॅटरी उतरली होती, घटकाभर मदत करशील का म्हणून विचारत होता. अमेयने आमची गाडी ट्रकसमोर लावली, केबल जोडल्या. ट्रक सुरू होईना. टर्मिनल गंजलं होतं, ते त्याने घासून काढलं. मग सुरू झाला, मग पुन्हा बंद पडला. म्हाताऱ्याच्या बायकोने ट्रकमधून त्याला कॉफी दिली. हे सगळं चालू असताना तो येणारा माणूस आला, ट्रकजवळची माणसं बघून थांबला नाही, निघून गेला.

"अँड देन?" मी विचारलं. मीही इंग्रजीत गेले होते.

"मग ट्रक सुरू झाला. माझे हात काळे झाले होते. ते धुतले आणि तुझ्याकडे आलो."

"एवढंच?"

"एवढंच, आई. आय विश इट वॉज समथिंग एल्स."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आईची आठवण आली म्हणून परत आलो, असं त्याला सांगायचं होतं, आणि तो आता खोटं बोलत नाही. मी फोन ठेवला आणि गराजमध्ये जाऊन उभी राहिले. मी जमिनीवर कॉइल फिरवत, दाण्यादाण्याने माती अर्धी करत त्या दिवशी त्याला धरून ठेवत होते असं मला चार वर्षं वाटत होतं. तो वाचला होता कुणाच्या तरी गंजलेल्या बॅटरीमुळे. त्या म्हाताऱ्याला हे कधीच कळणार नाही. त्याने घरी गेल्यावर ट्रकला शिव्या घातल्या असतील.

आज सकाळी कामावर जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून एक बाई उभी होती. मला उशीर झाला होता, अनोळखी माणसांसाठी थांबायचं नाही असं शिरीष नेहमी सांगतो, आणि बॅटरीतलं मला काही कळत नाही. मी गाडी बाजूला घेतली. काच खाली करून तिला विचारलं, मी थांबू का? ती म्हणाली, माणूस येतोय, अर्धा तास लागेल, तुम्ही जा. मी इंजिन बंद केलं आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.